पोखऱ्याचं पॅराग्लायडिंग : आम्ही पाच जण जाऊन आलो, तुमचेही अनुभव सांगा

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी,

दहावीची परीक्षा संपली त्या संध्याकाळी आम्ही पाच मित्रांनी कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर एकमेकांना शब्द दिला होता की एकदा तरी सगळे मिळून आकाशात उडायचं. नंतर नोकरी, दुकान, शेती, लग्नं, पोरांच्या शाळा यात पंचवीस वर्षं गेली. गेल्या नोव्हेंबरात, दिवाळीचा फराळ संपता संपता, आम्ही निघालो आणि नेपाळमध्ये पोखऱ्याला जाऊन आलो. परत आल्यापासून दर आठवड्याला कुणी ना कुणी फोन करून विचारतं, म्हणून सगळं एकदाच लिहितो. नुसतं कौतुक लिहिणार नाही. आमचं जिथं चुकलं तेही लिहितो, कारण त्यातली एक चूक मित्राच्या पायावर बेतली.

आधी कागदपत्रं. भारतीय माणसाला नेपाळला व्हिसा लागत नाही. पण पासपोर्ट किंवा मतदान ओळखपत्र यातलं एक जवळ पाहिजे. आमच्यातल्या एकाला आधार कार्डावर भागेल असं वाटत होतं. कट्ट्यावर बोलता बोलता ते कळलं आणि महिनाभर आधी त्यानं घरातली कपाटं धुंडाळून मतदान कार्ड काढलं. तुम्हीही आत्ताच काढून ठेवा. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं असतं, ते पहिल्या दिवशीच लावून घ्या. भारतीय १०० रुपये म्हणजे नेपाळी १६० रुपये, हा दर ठरलेला आहे. आपल्या कुठल्या नोटा तिथं चालतात याचे नियम मात्र बदलत आलेत. निघताना ताजे नियम बघा.

आम्ही पुण्याहून रेल्वेनं गोरखपूरला गेलो, तिथून सोनौली सीमा पार करून भैरहवा, आणि पुढं बुटवल, पाल्पा असा घाट. तो घाट लांबलचक आहे, गगनबावड्याचा घाट लागोपाठ आठ वेळा चढल्यासारखा. पोट हलकं ठेवा. भैरहव्याजवळच लुंबिनी आहे. आम्ही अर्धा दिवस तिथं थांबलो आणि अशोकाचा स्तंभ पाहिला. त्यावर वेगळं लिहीन, इथं विषय वाऱ्याचा आहे.

पोखऱ्यात उड्डाण होतं सारंगकोटच्या बाजूच्या डोंगरावरून आणि उतरायचं फेवा तलावाच्या काठी. दोन्हींमध्ये सातशे-आठशे मीटरचं अंतर, म्हणजे पन्हाळ्याच्या तटावरून खालचा मुलूख दिसतो त्याच्या जवळजवळ दुप्पट. समोर माच्छापुच्छ्रे उभा, ६,९९३ मीटर. तो पवित्र मानतात म्हणून त्याच्या शिखरावर चढायला परवानगी देत नाहीत. मागं अन्नपूर्णेची रांग.

पहिल्या दिवशी ढग होते. जीपनं वर गेलो, दोन तास बसलो. माझ्या वाट्याचा पायलट पंचविशीतला पोरगा. दर पाच मिनिटांनी उठून उताराच्या कडेला जायचा, वारा दाखवणाऱ्या कापडी नळीकडं बघायचा आणि परत येऊन बसायचा. साडेअकराला तो म्हणाला, "दाइ (म्हणजे दादा), आज नहीं." आमच्यातले दोघे चिडले. इतक्या लांबून आलो, पैसे भरले, आणि समोर दुसरी मंडळी उडताना दिसतायत. खाली बाजारात एक जण भेटला. "मी आत्ता नेतो, काही होत नाही" म्हणाला. खरं सांगतो, पाच मिनिटं आमचं मन डळमळलं.

त्यातच आमच्या पैलवानाचा प्रश्न. हा गडी तालमीत वाढलेला, वजन एकशे अकरा किलो. नोंदणी करताना वजन विचारलं तेव्हा त्यानं खरं सांगितलं. त्याच्या वाट्याचा पायलट म्हणाला, माझ्या पंखावर (ज्याला लटकून दोघं उडतात त्या मोठ्या कापडी छत्रीला पंख म्हणतात) तुम्हाला नेता येणार नाही. बाजारातला तो दुसरा मात्र "चलेगा" म्हणाला. पैलवान आमच्याकडं बघत होता. मी त्याला म्हटलं, "भावा, जो नको म्हणतोय त्याच्यावर माझा विश्वास बसतोय." त्या रात्री आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की उडलो तर याच लोकांबरोबर, नाहीतर नाही.

दुसऱ्या दिवशी तिघे उडालो. तिसऱ्या दिवशी वारा चांगला, एकसारखा होता. मोठा पंख असलेल्या दुसऱ्या पायलटबरोबर पैलवान उडाला.

आणि आमच्या पाचातल्या मास्तरांचा पाय त्याच तिसऱ्या दिवशी मुरगळला. त्याबद्दल खाली लिहितो, आत्ता दुकान उघडायची वेळ झाली. तोवर तुम्ही विचारा, आणि ज्यांनी कुठंही पॅराग्लायडिंग केलंय त्यांनी जरूर लिहा.

कळंब्याची_ताई

दादा, अगदी वेळेवर लिहिलंत. आमचा भिशीचा गट आहे, सात जणी, सगळ्या चाळिशीच्या पुढच्या. या वर्षी भिशीचे पैसे दागिन्यात न घालता प्रवासात घालायचं ठरलंय आणि पोखऱ्याचं नाव निघालंय. आम्ही नवरात्राच्या सुट्टीत जावं म्हणतोय. माझे प्रश्न : बायकाच असल्या तर काही अडचण येते का? साडी नाही, पण पंजाबी ड्रेस चालतो का? आमच्यातल्या दोघी शाकाहारी आहेत. आणि भीती वाटली तर मध्येच खाली उतरवतात का?

बीर_फिरस्ता

लेख आवडला. पण परदेशच कशाला, हा माझा प्रश्न मनापासून आहे. हिमाचलात बीर-बिलिंगला बिलिंगचं उड्डाणाचं ठिकाण सुमारे २,४०० मीटरवर आहे आणि खाली बीरला उतरायचं. २०१५ साली तिथं पॅराग्लायडिंगचा विश्वचषक झाला होता. धौलाधारचा कडा बाजूनं सोबत करतो. मी दोनदा गेलोय. आणि आपल्याकडं कामशेत, पाचगणी आहेच. कोल्हापूरहून पाचगणी सकाळी निघून दुपारी गाठता येते.

रंकाळाकाठ

@बीर_फिरस्ता, तुमचं म्हणणं बरोबर आहे. आमच्यातला एक जण आधी पाचगणीत उडाला होता, त्यामुळं त्याची भीती मोडली होती आणि त्याचा आम्हाला उपयोगही झाला. पोखरा निवडलं कारण आम्हाला सरहद्द ओलांडायची होती. पाचही जणांच्या घरात आजवर कुणी देशाबाहेर गेलेलं नव्हतं. एका मित्राच्या आईनं निघताना अंबाबाईचा अंगारा सगळ्यांच्या कपाळाला लावला, आणि तो नेपाळच्या जमिनीवर पाय ठेवेपर्यंत पुसायचा नाही असं बजावलं. घाट, रेल्वे, घाम, सगळ्यातून तो कपाळावर राहिला. हे बीरला जाताना झालं नसतं.

@कळंब्याची_ताई, नवरात्रात जाऊ नका असं सांगेन. त्याच सुमारास नेपाळमध्ये दशैं असतो, त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा सण. सगळे आपापल्या गावी जातात, गाड्या भरून वाहतात. आणि ताई, अंबाबाईचं नवरात्र सोडून तुम्ही तरी कशा जाल? दिवाळीनंतर जा. त्यांच्याकडं दिवाळीला तिहार म्हणतात, त्यात एक दिवस कुत्र्यांची पूजा असते, गळ्यात झेंडूच्या माळा घालतात. आम्ही पोचलो तेव्हा गल्लीतल्या कुत्र्यांच्या गळ्यात सुकलेल्या माळा अजून होत्या. जेवणाची काळजी करू नका. डाळ-भात, भाजी, साग सगळीकडं मिळतं आणि वाढतातही पोटभर.

ड्रेस चालेल, पण ओढणी अजिबात नको. पॅन्ट असेल तर उत्तम. घोटा झाकणारे बूट घाला. वर स्वेटर किंवा जॅकेट पाहिजेच.

वारा_पाहून

मी कामशेतला शिकले, आता सहा वर्षं स्वतः उडते. या धाग्यातलं "आज नहीं" वाचून फार बरं वाटलं. त्यामागचं थोडं सांगते, म्हणजे तुम्हाला उगाच थांबवलं असं वाटणार नाही.

पॅराग्लायडरला इंजिन नसतं. शांत हवेत तो सेकंदाला मीटरभर खाली येतच असतो. म्हणजे त्या डोंगरावरून काहीच आधार मिळाला नाही तर दहा-बारा मिनिटांत तुम्ही तलावाकाठी. तुम्हाला जी पंचवीस-तीस मिनिटं मिळतात ती वर चढणाऱ्या हवेमुळं. ऊन पडलं की जमीन तापते, पण सगळी सारखी तापत नाही. खडक, कोरडं शेत, गावाची छपरं लवकर तापतात. झाडी आणि पाणी उशिरा. तापलेल्या जागेवरची हवा फुगून वर निघते, त्याला थर्मल म्हणतात. पायलट त्यात गोल गोल फिरून उंची मिळवतो. त्याच्या खांद्याशी एक छोटं यंत्र असतं, वर जाताना ते पिप-पिप करतं. जितक्या जोरात चढाल तितकी पिपपिप घाईची.

ढग असले की ऊन नाही, ऊन नाही तर थर्मल नाही. तेवढ्यानं फार तर उड्डाण आखूड होतं. खरा धोका म्हणजे वारा पाठीमागून येणं किंवा झटक्यानं दिशा बदलणं. उड्डाण नेहमी समोरच्या वाऱ्यात करायचं असतं. तुमचा पायलट सारखा कडेला जाऊन तेच बघत असणार.

कळंब्याच्या ताईंसाठी : घाबरत असाल तर सकाळचं पहिलं उड्डाण मागा, हवा शांत असते. दुपारी उंची जास्त मिळते पण हेलकावेही. मळमळ होते ती बहुतेक गोल फिरताना. तेव्हा नजर लांब, डोंगराच्या रेषेवर ठेवायची आणि पायलटला लगेच सांगायचं, तो फिरणं थांबवून सरळ खाली आणतो. लाजायचं नाही.

आणि सगळ्यांसाठी एकच विनंती. हार्नेसचे (अंगाला बांधतात त्या पट्ट्यांच्या बैठकीचे) मांड्यांचे दोन पट्टे, छातीचा एक आणि दोन्ही बाजूंच्या कड्या, हे उड्डाणाच्या आधी स्वतः हात लावून बघा. मांड्यांचे पट्टे लावायचे राहिल्यानं या खेळात माणसं गेली आहेत. पायलटनं लावले असले तरी बघा. चांगला पायलट त्याचा राग मानत नाही, उलट तोही परत एकदा बघतो. राखीव पॅराशूट आहे का, पायलटकडं नागरी उड्डाण प्राधिकरणाचा परवाना आहे का, हे विचारायलाही संकोच नको.

वजनाचं : प्रत्येक पंखाला खालची आणि वरची मर्यादा ठरलेली असते. त्यात पायलट, प्रवासी, दोन्ही हार्नेस, खिशातलं सामान सगळं येतं. मर्यादेबाहेर गेलात की पळायला जास्त लागतं, उतरताना वेग जास्त राहतो, आणि पंख जसा वागायला पाहिजे तसा वागत नाही. वजन लपवणं म्हणजे स्वतःबरोबर पायलटचाही जीव टांगणीला लावणं.

भुदरगडकर

ताई, तुमचं थर्मलचं वाचलं आणि लगेच डोळ्यापुढं आलं बघा. आमच्याकडं ऊस तुटून गेला की फडात पाचट पेटवत्यात. धूर निघाला की घारी कुठनं येत्यात काय म्हाईत, पण येत्यात. किडं-टोळ खायला येत्यात हे खरं, पण एकदा का वर जायला लागल्या की पंख न हलवता नुसत्या गोल गोल फिरत ठिपका हुईस्तवर जात्यात. आमचा आज्जा म्हणायचा, घार दमत न्हाई, तिला वाट ठावी हाय. हिरव्या उसावर मात्र त्या तशा कधी फिरत न्हाईत. आज कळलं का ते. नाद खुळा माहिती दिलीसा.

मला एवढंच इचारायचं हाय, पंखाला घार आडवी आली तर?

वारा_पाहून

@भुदरगडकर, दादा, तुमच्या आज्जांनी एका वाक्यात सांगितलं ते आम्ही वर्गात दोन दिवस शिकलो. घार, गिधाड आडवं येत नाही, ती आपल्यापेक्षा कितीतरी चांगली उडतात. उलट आम्ही त्यांच्याकडं बघून थर्मल शोधतो. ती फिरत असतील त्याच दिशेनं आपणही फिरायचं, हा नियमच आहे. पोखऱ्यात २००१ पासून काही वर्षं पाळलेली पांढरी गिधाडं पॅराग्लायडरबरोबर उडवत, ती पायलटला थर्मल दाखवायची आणि त्या बदल्यात प्रवाशाच्या हातावर उतरून मांसाचा तुकडा घ्यायची. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक औषधामुळं गिधाडं मरत होती, त्याकडं लोकांचं लक्ष वेधायला त्याचा उपयोग झाला. भारत आणि नेपाळ दोघांनीही २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद केलं.

डॉक्टरकाकू

बाळांनो, उत्साह बघून आनंद झाला. काकू म्हणून चार शब्द. पाठीचा किंवा गुडघ्याचा जुना त्रास, मणक्याची शस्त्रक्रिया, हृदयविकार, आकडी, गरोदरपण, यातलं काहीही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला आणि पायलटपासून लपवू नका. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर त्या दिवशी चुकवायची नाही. उपाशीपोटी जाऊ नका आणि तुडुंब खाऊनही नाही. हाडं ठिसूळ झालेल्या बायकांनी उतरतानाचा धक्का लक्षात घ्यावा.

मास्तरांच्या पायाचं काय झालं, ते अजून कुणी सांगितलं नाही.

रंकाळाकाठ

काकू, सांगतो. ते लिहायला जरा जड जात होतं.

वर आम्हाला प्रत्येकाला एकच सूचना होती, पळत राहायचं, पाय जमिनीला लागेनासे झाले तरी पळायचं, आणि पायलट सांगेपर्यंत बसायचं नाही. ऐकायला सोपं आहे. पण प्रत्यक्षात मागं पंख सळसळत उठतो, खांद्यांना मागं ओढ बसते, पाऊल पुढं पडत नाही, पंढरीच्या वारीतल्या रेट्यासारखं काहीतरी मागून धरून ठेवतं. मग एकदम ती ओढ वर जाते आणि पुढच्या पावलाखाली जमीन नसते. माझे पाय हवेत दहा-बारा पावलं पळत राहिले होते. तेव्हा कानाशी फक्त वारा आणि पायलटचा आवाज, "बैठिए, अब बैठिए."

मास्तर तिसऱ्या पावलाला बसले. ओढ वर गेल्यासारखी वाटली आणि त्यांना वाटलं, उडालो. पायलट "दौडो, दौडो" ओरडत होता. पंख एका बाजूला कलला, दोघं उतारावर गवतात घसरले आणि मास्तरांचा डावा घोटा खाली दुमडला. पायलटनं आधी त्यांचे पट्टे सोडले, बूट हळूच काढला, मग पंखाकडं बघितलं. पोखऱ्यात दवाखान्यात नेलं, एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं, स्नायुबंध दुखावला होता. घोटा फुगून वांग्यासारखा झाला होता. तीन आठवडे पट्टी. परतीच्या घाटात त्यांचा पाय आळीपाळीनं आमच्या मांडीवर.

यात पायलटची चूक नव्हती, हे मास्तर स्वतः सांगतात.

त्यानंतर विमा. आम्ही सगळ्यांनी ट्रॅव्हल इन्शुरन्स काढला होता, मीच काढून दिला होता. परत येऊन कागद पाठवले तर उत्तर आलं की साहसी खेळात झालेली दुखापत या पॉलिसीत धरलेली नाही. ते पॉलिसीत बारीक अक्षरात खरंच होतं. मी वाचलं नव्हतं. विकणाऱ्याला आम्ही पॅराग्लायडिंगला चाललोय हे सांगितलं होतं, तरी तो बोलला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. रक्कम मोठी नव्हती, आम्ही पाच जणांनी वाटून भरली. पण हाड मोडलं असतं, विमानानं आणावं लागलं असतं, तर? म्हणून हात जोडून सांगतो, पॉलिसीत "पॅराग्लायडिंग" हा शब्द समाविष्ट म्हणून लिहिलेला तुमच्या डोळ्यांनी बघा. बहुतेक ठिकाणी त्यासाठी वेगळे पैसे भरून जोड घ्यावी लागते. तोंडी शब्दावर राहू नका.

आणि दिवस हातात ठेवा. आम्ही पोखऱ्यात चार दिवस ठेवले होते म्हणून "आज नहीं" ऐकून घेता आलं. एकाच दिवसाचा बेत असता तर त्या बाजारातल्या माणसाबरोबर आम्ही गेलो असतो, हे मी छातीवर हात ठेवून कबूल करतो.

कळंब्याची_ताई

दादा, मास्तरांना आमचा नमस्कार सांगा. काल भिशीत हा सगळा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. नवरात्राचा बेत रद्द, दिवाळीनंतरचा ठरला, पोखऱ्यात पाच दिवस. दोघींनी मणक्याचा त्रास असल्याचं आजवर आम्हाला सांगितलंच नव्हतं, त्या काल बोलल्या. त्या उडणार नाहीत, पण येणार आहेत. तलावात होडीनं ताल बाराहीच्या देवळात जातील आणि आम्ही उतरू तिथं काठावर उभ्या राहतील. पुढच्या रविवारी वजनकाटा घेऊन बसणार आहोत.

बीर_फिरस्ता

@रंकाळाकाठ, अंगाऱ्याचं वाचून माझा प्रश्न मागं घेतो. मास्तर बरे झाले की त्यांना घेऊन बीरला या. तिथला उतार लांब आणि गवताचा आहे, पळायला भरपूर जागा मिळते.

पैलवान_गंगावेश

मी तोच एकशे अकरा किलोवाला. मला लिहायची सवय नाही, मित्र म्हणाले लिही.

पहिल्या दिवशी ज्या पायलटनं मला नाही म्हटलं, त्यानंच संध्याकाळी आमच्या लॉजवर येऊन सांगितलं की त्याच्या ओळखीच्या एकाकडं मोठा पंख आहे, पण मला उडवायला वारा थोडा जास्त आणि एकसारखा लागेल, थांबाल का. त्याचा यात एक पैशाचा फायदा नव्हता. निघताना मी त्याला घरचा चिवडा आणि कापशीची चप्पल दिली. चप्पल माझ्या मापाची होती, त्याला मोठी झाली, तरी त्यानं घालून दाखवली.

वरून मी काय बघितलं ते सांगतो. सगळे डोंगर बघत होते, मी पण बघितले. पण उतरायला आलो तेव्हा तलावाच्या काठाला म्हशी चरत होत्या. वरून त्यांच्या पाठी चकाकत होत्या, ओल्या. एकीनं मान वर करून आमच्याकडं बघितलं आणि परत गवताला तोंड लावलं. मला आमचा गोठा आठवला. डोळ्यांत पाणी आलं, पायलटला वाटलं वाऱ्यानं आलं.

मास्तरांचा पाय आता बरा आहे. रोज सकाळी रंकाळ्याला एक फेरी मारतात, मी बरोबर असतो.